प्राचीन डीएनएवरील शोधनिबंध कसा वाचावा

सप्टेंबर २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी सापडलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएवर आधारलेला शोधनिबंध ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यावरून वृत्तपत्रांनी एकमेकांना छेद देणारे मथळे दिले. आर्य बाहेरून आल्याचा सिद्धान्त मोडीत निघाला, असे एकीकडे छापले गेले आणि तोच सिद्धान्त पक्का झाला, असे दुसरीकडे. या संशोधनाचे नेतृत्व पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित असलेल्या वसंत शिंदे यांनी केलेले असल्यामुळे महाराष्ट्रात ही चर्चा जरा जास्तच रंगली. मूळ निबंध मात्र चर्चा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी उघडला असावा, आणि त्यात सगळा दोष त्यांचाच होता असेही नाही, कारण असा निबंध हातात आल्यावर आधी काय पाहावे आणि कशावर थांबून विचार करावा, हे सहसा कोणी सांगत नाही.

ती रीत येथे मांडली आहे आणि ती मांडण्यासाठी स्वांते पाबो यांच्या संशोधनाचा आधार घेतला आहे. १९५५ मध्ये स्टॉकहोम येथे जन्मलेले पाबो हे प्राचीन डीएनएच्या अभ्यासशाखेचे प्रमुख संस्थापक मानले जातात; जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक उत्क्रांतिमूलक मानवशास्त्र संस्थेत त्यांनी आपले मुख्य काम केले आणि २०२२ मध्ये त्यांना शरीरक्रियाशास्त्र व वैद्यकशास्त्रासाठीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा आधार घेण्याचे कारण हे पारितोषिक नव्हे. या क्षेत्रात होऊ शकणाऱ्या मोठ्या चुकांपैकी काही त्यांच्या हातून झाल्या, त्या उघड झाल्यावर त्यांनी त्या मान्य केल्या आणि पुढे त्या पकडण्याच्या पद्धतीही घडवल्या. वाचकाने विचारायचे बहुतेक प्रश्न त्या चुकांतूनच मिळतात.

आधी हाड पाहावे

निबंधाचा गोषवारा बाजूला ठेवून प्रथम त्याच्या सोबतची पूरक माहिती उघडावी. ती बहुधा मूळ निबंधापेक्षा मोठी असते आणि तिच्यात प्रत्येक नमुन्याची एक ओळ असलेला तक्ता असतो. नमुना कोणत्या हाडाचा आहे, तो कोणत्या थरात सापडला, त्याचा काळ कसा ठरवला आणि त्यातून किती डीएनए हाती लागला, या चार रकान्यांवर बोट ठेवून वाचले की निम्मे काम होते.

मृत्यूनंतर पेशीतील विकरे आणि मातीतील जीवाणू डीएनएच्या लांबलचक साखळीचे तुकडे करू लागतात. हजारो वर्षांनी जे उरते ते बहुधा ३० ते ७० अक्षरांचे तुकडे असतात. आपल्या संपूर्ण जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, हे लक्षात घेतले की या तुकड्यांचे आकारमान कळते. थंडी आणि कोरडेपणा या ऱ्हासाचा वेग कमी करतात, उष्णता आणि ओलावा तो वाढवतात. म्हणूनच सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेतील करंगळीच्या एका लहानशा तुकड्यातून पूर्ण जनुकसंच मिळू शकला, तर राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी केवळ एकाच व्यक्तीकडून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला आणि तोही प्रयोगशाळेत शंभराहून अधिक वेळा वाचनासाठी डीएनए तुकड्यांचे संच नव्याने तयार करून. आपल्याकडील निबंधांत नमुन्यांची संख्या थोडी का असते, हा प्रश्न बातम्यांखालच्या प्रतिक्रियांत बहुधा संशयाने विचारला जातो. त्याचे उत्तर कोणत्याही कटात नसून हवामानात आहे.

हाडांमध्येही फरक असतो. कवटीत आतल्या कानाभोवती असलेले हाड शरीरातील सर्वांत घट्ट हाडांपैकी एक आहे आणि त्यात बरगडीच्या किंवा मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी अधिक डीएनए टिकून राहतो. ही गोष्ट २०१४-१५ च्या सुमारास स्पष्ट झाली आणि त्यानंतर उष्ण प्रदेशांतील संशोधनाला खरी गती आली. त्यामुळे तक्त्यात हाडाचे नाव काय लिहिले आहे हे पाहणे निरर्थक नाही.

काळाविषयी एकच सूचना पुरेशी आहे. कालनिश्चिती त्याच हाडावर कार्बन-१४ पद्धतीने केली आहे की आजूबाजूच्या थरावरून आणि भांड्यांवरून ठरवली आहे, हे वेगळे काढून वाचावे. दोन्ही मार्ग वैध आहेत. मात्र दुसऱ्यात हाड नंतरच्या काळात त्या थरात गेलेले नाही हे गृहीत धरावे लागते. कोटी वर्षांपूर्वीच्या डीएनएची बातमी असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही. १९९४ मध्ये ८ कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरच्या असाव्यात अशा हाडांतून डीएनए मिळाल्याचे जाहीर झाले होते, आणि तो डीएनए माणसाचा असल्याचे पुढच्याच वर्षी ज्यांनी दाखवले त्यांत पाबोही होते. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गाळातील असून तो सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. मानवी शाखेपुरते बोलायचे तर स्पेनमधील सिमा दे लोस उएसोस येथील सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची हाडे ही सध्याची मर्यादा आहे.

हा रेणू खरोखर त्याच मृताचा आहे काय

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवावा.

विद्यार्थिदशेत पाबो यांनी इजिप्तमधील ममींचे नमुने मिळवले आणि २३ ममी तपासून त्यांपैकी एका लहान मुलाच्या ममीतून डीएनए वेगळा केल्याचे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर केले. त्याआधी मृत ऊती वाळल्यावर डीएनए टिकतो की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी वासराचे यकृत आणून ते प्रयोगशाळेतील भट्टीत ५० अंश सेल्सियसवर वाळवले होते, म्हणजे तयारीत कसूर नव्हती. तरीही त्या ममीतून मिळालेला सुमारे ३,४०० अक्षरांचा तुकडा कालांतराने संशयास्पद ठरला. इतका लांब आणि इतका सुस्थितीतील तुकडा २४०० वर्षांनी उरणे संभवत नाही. तो बहुधा ममी हाताळणाऱ्या एखाद्या आधुनिक माणसाचा होता, हे पुढे पाबो यांनीही स्वीकारले.

प्राचीन माणसाचा अभ्यास प्राचीन घोड्याच्या अभ्यासापेक्षा अवघड असण्याचे कारण येथेच आहे. घोड्याच्या हाडात संशोधकाचा डीएनए मिसळला तर तो लगेच ओळखू येतो. माणसाच्या हाडात मिसळला तर तो निष्कर्षासारखाच दिसतो. उत्खनन करणारा मजूर, संग्रहालयातील कर्मचारी, हाड धुणारा विद्यार्थी, यांपैकी प्रत्येकाचा श्वास आणि घाम त्या हाडावर उतरलेला असतो. प्रयोगशाळेत अतिनील किरण, विरंजक द्रव, बाहेरची हवा आत येऊ न देणाऱ्या खोल्या आणि अंगभर झाकणारे पोशाख वापरतात ते यासाठी. पण जी भेसळ हाड प्रयोगशाळेत येण्यापूर्वीच झालेली असते तिला या खबरदारीचा उपयोग नसतो. तेव्हा निबंधात प्रयोगशाळेच्या स्वच्छतेचे वर्णन कितीही सविस्तर असले तरी त्यावर समाधान मानू नये. पुरावा रेणूमध्येच शोधावा.

तो पुरावा असा असतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन हे अक्षर काळाच्या ओघात आपला अमिनो गट गमावते आणि युरेसिल बनते. वाचन करणारे यंत्र त्याला थायमिन समजते. तुकड्याची टोके उघडी असल्यामुळे ही झीज टोकांना सर्वाधिक असते. म्हणून खऱ्या प्राचीन डीएनएच्या तुकड्यांत टोकापाशी ‘सी’च्या जागी ‘टी’ आलेले भरपूर आढळतात आणि मधल्या भागाकडे जाताना त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. पूरक माहितीत या घसरणीचा आलेख असतो. टोकाशी उंच आणि आत येताच सपाट होणारी रेषा दिसली तर नमुन्यात प्राचीन डीएनए नक्की आहे असे समजावे. आपल्या ओळखीची गोष्ट घ्यायची तर, जुन्या पोथीच्या पानांना कडांकडून कसर लागते आणि मधला मजकूर शाबूत राहतो; कालच छापलेले पान कोणी त्या पोथीत सरकवले तर त्याची कोरी कडच त्याला उघडे पाडते.

मात्र या आलेखाने केवळ प्राचीन डीएनए आहे एवढेच सिद्ध होते. आधुनिक डीएनए नाही, हे सिद्ध होत नाही. हा फरक किती महागात पडतो याचे उदाहरण पाबो यांच्याच संशोधनात आहे. २००६ मध्ये त्यांच्या गटाने निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाच्या केंद्रकीय, म्हणजे पेशीच्या केंद्रकातील, डीएनएतील सुमारे १० लाख अक्षरे वाचल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वेळी, वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या दुसऱ्या गटाचा निबंधही आला आणि दोन्हींचे निष्कर्ष जुळेनात. पुढच्या वर्षी दोन बाहेरच्या अभ्यासकांनी दोन्ही निबंधांतील सामग्री पुन्हा तपासून पाहिली, तेव्हा पहिल्या सामग्रीत आधुनिक मानवी डीएनएची बरीच भेसळ असण्याची शक्यता पुढे आली. ही तपासणी शक्य झाली ती मूळ सामग्री सर्वांसाठी खुली असल्यामुळे. यातून वाचकाने दोन सवयी लावून घ्याव्यात. निबंधाच्या शेवटी मूळ सामग्री कोणत्या सार्वजनिक भांडारात ठेवली आहे याचा क्रमांक शोधावा. तो नसेल तर निबंध कितीही नावाजलेल्या नियतकालिकात असो, त्याच्याकडे साशंक नजरेने पाहावे. दुसरे असे की भेसळीचा अंदाज टक्क्यांत दिलेला आहे का हे पाहावे. पुरुषाच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच असते, त्यामुळे त्यावरील एकाच जागी दोन वेगवेगळी अक्षरे वारंवार आढळली तर दुसरी व्यक्ती मिसळली आहे हे कळते. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, यांच्यातील डीएनएवरही अशीच चाचणी घेता येते. भेसळ जास्त असेल तर केवळ झिजलेल्या टोकांचे तुकडे निवडून तेवढ्यांवरच विश्लेषण करतात, जसे सिमा दे लोस उएसोसच्या हाडांबाबत केले गेले. त्यामुळे सामग्री कमी होते, पण जी उरते तिच्यावर भिस्त ठेवता येते.

एक धागा की संपूर्ण वस्त्र

यानंतर निबंध कशावर आधारलेला आहे ते पाहावे: मायटोकाँड्रियाचा डीएनए, वाय गुणसूत्र की सर्व गुणसूत्रे.

१८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात जो सांगाडा सापडला आणि ज्यावरून निअँडरथल हे नाव पडले, त्याच्याच हाडातून पाबो यांच्या गटाने १९९७ मध्ये मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा ३७९ अक्षरांचा भाग वाचला. आजच्या कोणत्याही दोन माणसांत त्या भागात सरासरी ८ फरक आढळतात. निअँडरथल आणि आजचा माणूस यांच्यात ते सरासरी २७ निघाले. निअँडरथलांचा हा वारसा आपल्यात उतरलेला नाही, असा अर्थ त्यातून निघाला आणि तो मायटोकाँड्रियापुरता आजही खरा आहे. मग २०१० मध्ये, क्रोएशियातील विंदिया गुहेतील तीन हाडांवरून त्याच गटाने निअँडरथलच्या केंद्रकीय जनुकसंचाचा पहिला मसुदा ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला आणि आफ्रिकेबाहेरील लोकांच्या जनुकसंचात १ ते ४ टक्के वाटा निअँडरथलांकडून आलेला आहे असा अंदाज मांडला. नंतरच्या अचूक गणितात तो १ ते २ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. तेरा वर्षांच्या अंतराने, एकाच प्रमुखाच्या हाताखाली आलेली ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे आई, तिची आई, तिची आई एवढा एकच धागा तो दाखवतो. वाय गुणसूत्र तसेच फक्त वडिलांच्या ओळीचे. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात आणि या दोन धाग्यांनी त्यांपैकी केवळ दोन जागा सांगितल्या जातात. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावे पाहिलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही: पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची नावे एकाखाली एक सापडतात, पण त्या प्रत्येकाच्या आईचे माहेर शोधू गेले की ती वही संपते. तरीही एखाद्या वाय-गटाचे नाव घेऊन संपूर्ण जातीचा किंवा कुळाचा ‘उगम’ सांगणारे संदेश व्हॉट्सॲपवर रोज फिरत असतात. अशा संदेशाला निबंध समजू नये, एवढेच येथे म्हणतो.

डेनिसोव्हा गुहेतील करंगळीच्या हाडाने हाच धडा अधिक विलक्षण रीतीने दिला. २०१० च्या मार्चमध्ये त्याच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए प्रसिद्ध झाला, तेव्हा ही व्यक्ती निअँडरथल आणि आपण या दोघांपासूनही फार पूर्वी, सुमारे १० लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखेतील वाटली. डिसेंबरमध्ये केंद्रकीय डीएनए आला आणि ती निअँडरथलांची जवळची भावकी निघाली. त्याच वर्षी, त्याच हाडाविषयी, नऊ महिन्यांत चित्र बदलले. पापुआ न्यू गिनीच्या आसपासच्या बेटांवरील, म्हणजे मेलनेशियातील आजच्या लोकांत या डेनिसोव्हनांचा काही टक्के वारसा आढळतो हेही केंद्रकीय डीएनएमुळेच समजले.

‘मिश्रण झाले’ हे कसे कळते

येथे थोडे गणित आहे, पण त्याला घाबरण्याचे कारण नाही.

चार जनुकसंच समोर ठेवावेत: एक फ्रेंच व्यक्ती, एक पश्चिम आफ्रिकेतील योरुबा व्यक्ती, एक निअँडरथल आणि तुलनेसाठी एक चिंपांझी. ज्या जागी निअँडरथलचे अक्षर चिंपांझीपेक्षा वेगळे आहे आणि फ्रेंच व योरुबा यांच्यापैकी नेमके एकच निअँडरथलशी जुळते, अशा जागा तेवढ्या मोजाव्यात. निअँडरथल आणि आपले पूर्वज वेगळे झाल्यानंतर पुन्हा कधीच भेटले नसतील, तर फ्रेंच आणि योरुबा दोघेही सारख्याच वेळा जुळायला हवेत, कारण निअँडरथलच्या दृष्टीने दोघेही सारखेच दूरचे. प्रत्यक्षात फ्रेंच व्यक्ती अधिक वेळा जुळली. चीनमधील हान व्यक्ती आणि पापुआ न्यू गिनीतील व्यक्तीही फ्रेंच व्यक्तीइतकीच जुळली, आणि ही बाब विशेष होती, कारण पापुआमध्ये निअँडरथल राहत असल्याचा कोणताही पुरावा नाही. म्हणजे मिश्रण आशिया-युरोपातील लोक एकमेकांपासून वेगळे होण्यापूर्वीच घडले असावे. निबंधांत ही मोजणी डी किंवा एफ-४ या नावाने येते आणि तिच्यासोबत झेड हे मूल्य, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असणे किती कठीण आहे याचे माप, दिलेले असते; त्याचे परिमाण ३ पेक्षा कमी असेल तर लेखकांनी कितीही ठामपणे लिहिले असले तरी आपण सबुरीने घ्यावे.

नुसते जुळणे मात्र पुरेसे नाही, कारण आफ्रिकेतील जुन्या लोकसमूहांतच पूर्वीपासून फरक असले तरी असा कल दिसू शकतो. ही शंका २०१० मध्येच घेतली गेली होती आणि ती योग्य होती. तिचे उत्तर तुकड्यांच्या लांबीतून मिळाले. आईवडिलांकडून आलेली गुणसूत्रे प्रत्येक पिढीत एकमेकांशी भागांची अदलाबदल करतात, त्यामुळे परक्याकडून आलेला सलग भाग दर पिढीला लहान होत जातो. लांब तुकडे म्हणजे अलीकडचा संबंध, आखूड तुकडे म्हणजे जुना. पश्चिम सायबेरियातील उस्त-इशिम येथील सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसात निअँडरथल तुकडे आपल्यापेक्षा लांब निघाले. रोमानियातील ओआसे गुहेतील सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या माणसात तर ते इतके लांब होते की त्याचा एक निअँडरथल पूर्वज केवळ चार ते सहा पिढ्यांमागचा असावा, असे २०१५ मध्ये दाखवता आले. खापरपणजोबांच्या आसपासचे नाते! आणि २०१८ मध्ये डेनिसोव्हा गुहेतीलच एका हाडाच्या तुकड्यावरून अशा मुलीचा शोध लागला जिची आई निअँडरथल आणि वडील डेनिसोव्हन होते. सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलीविषयी वाचताना मला तरी टक्केवारीचा विसर पडला होता.

तेव्हा ‘मिश्रण’ हा शब्द दिसला की दोन गोष्टी विचाराव्यात: कोणाशी तुलना करून हा निष्कर्ष काढला, आणि तुकड्यांची लांबी मोजली आहे का. आफ्रिकेतील लोकांत निअँडरथल वारसा मुळीच नाही, हे जुन्या लेखांतील विधानही याच कारणाने सुधारून घ्यावे लागते. आफ्रिकी जनुकसंचालाच शून्य मानून मोजल्यावर तिथले उत्तर शून्य येणारच. २०२० मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजल्यावर तेथेही थोडासा वाटा आढळला, जो युरेशियातून परत गेलेल्या लोकांबरोबर पोहोचला असावा.

नावे आणि रंग यांच्यापासून सावध राहावे

निबंधातील सर्वांत देखणे चित्र बहुधा रंगीत पट्ट्यांचे असते आणि तेच सर्वांत जास्त गैरसमज पसरवते. प्रत्येक व्यक्तीची एक उभी पट्टी, तिच्यात निळा, पिवळा, तांबडा असे भाग. पाहणाऱ्याला वाटते की कधीकाळी शुद्ध निळे आणि शुद्ध तांबडे लोक होते. तसे काही नसते. रंगांची संख्या संशोधक ठरवतो आणि ज्या गटाचे नमुने जास्त असतात त्याला वेगळा रंग मिळण्याची शक्यता वाढते. हे चित्र पाहून पुढे जावे आणि निष्कर्षासाठी वर सांगितलेल्या मोजण्यांकडे परत यावे.

गटांची नावेही अशीच सोयीसाठी दिलेली असतात. राखीगढीच्या निबंधात ज्याला ‘इराणी लोकांशी संबंधित’ वारसा म्हटले आहे, त्याचा अर्थ ही स्त्री किंवा तिचे आजी-आजोबा इराणमधून आले असा नाही. त्या निबंधाचा निष्कर्ष नेमका उलट दिशेचा आहे: तिच्यातील हा वारसा ज्या शाखेकडून आला ती शाखा प्राचीन इराणमधील ज्ञात लोकांच्या शाखेपासून १२ हजार वर्षांपूर्वीच, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच वेगळी झालेली होती. त्यामुळे पश्चिमेकडून शेतकऱ्यांचे मोठे लोंढे येऊन त्यांनी सिंधू खोऱ्यात शेती आणली, या कल्पनेला त्यातून आधार मिळत नाही. तिच्या वारशाचा दुसरा भाग दक्षिण व आग्नेय आशियातील प्राचीन शिकारी समूहांशी दूरचे नाते सांगतो. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील, म्हणजे स्टेपमधील पशुपालकांचा वारसा तिच्यात आढळला नाही.

आता मथळ्यांचे कोडे सोडवून पाहावे. त्याच दिवशी ‘सायन्स’मध्ये ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरील दुसरा निबंध प्रसिद्ध झाला होता आणि त्याचे अनेक लेखक दोन्ही निबंधांना समान होते. त्यानुसार स्टेपमधील वारसा दक्षिण आशियात इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात आला. राखीगढीची स्त्री त्याआधीची आहे. तिच्यात जो वारसा नाही तो नंतर आला, या दोन विधानांत विरोध कोठेही नाही. एकाच कथेची ती दोन पाने आहेत. एकाने पहिले पान फाडून फलक केला, दुसऱ्याने दुसरे. दोन्ही फलकांत ‘आर्य’ हा शब्द होता, जो मुळात भाषेच्या आणि ग्रंथांच्या अभ्यासातून आलेला आहे आणि कोणत्याही हाडात सापडत नाही. भाषा कोणासोबत आली याविषयी लेखकांनी जे लिहिले आहे तो त्यांचा तर्क आहे. तो विचारपूर्वक केलेला आहे, पण मोजलेल्या निष्कर्षांपासून तो वेगळ्या रंगाच्या शाईने अधोरेखित करावा. मी छापील प्रतीवर प्रत्यक्ष तसेच करतो: मोजलेले ते निळे, सुचवलेले ते तांबडे.

एका सांगाड्यावरून संपूर्ण संस्कृतीविषयी बोलता येते काय, हा आक्षेप रास्त आहे आणि लेखकांनाही तो ठाऊक होता. इराणमधील शहर-ए-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानातील गोनूर येथे पुरलेल्या ११ व्यक्ती तेथील इतरांपेक्षा वेगळ्या आणि राखीगढीच्या स्त्रीशी जुळणाऱ्या निघाल्या, म्हणून त्या सिंधू खोऱ्यातून तेथे गेलेल्या असाव्यात असे मानून त्यांचा आधार घेतला गेला. हा दुवा भक्कम आहे, तरी तो दुवाच आहे. हडप्पा संस्कृतीच्या विस्तीर्ण प्रदेशात सगळीकडे असेच लोक राहत होते, हे त्यातून निघत नाही.

लोककथा आणि डीएनए समोरासमोर आल्यावर काय होते हे पाहायचे असेल तर उत्तराखंडमधील रूपकुंडाचा २०१९ मधील निबंध वाचावा. पाच हजार मीटरच्या उंचीवरील त्या तळ्याकाठची शेकडो माणसांची हाडे एकाच भयंकर गारपिटीत मेलेल्या यात्रेकरूंची आहेत, अशी समजूत रूढ होती. ३८ जणांचा डीएनए तपासला गेला. त्यांतील २३ जण दक्षिण आशियातील वारशाचे आणि सुमारे इसवी सन ८०० चे, १४ जण पूर्व भूमध्य प्रदेशातील लोकांशी जुळणारे आणि एक आग्नेय आशियाशी जुळणारा. आणि हे पंधरा जण सुमारे १८०० सालचे. दक्षिण आशियाई गटातील मृत्यूही एका वेळचे नाहीत. एका आपत्तीची कथा त्यामुळे टिकत नाही. मात्र ते भूमध्य प्रदेशातील लोक हिमालयात कशासाठी आले होते, हे डीएनए सांगत नाही आणि निबंधानेही सांगण्याचा आव आणलेला नाही. चांगला निबंध ओळखण्याची ही एक खूण समजावी.

आपल्याविषयीचे आकडे वाचताना

किती जागांवर माहिती मिळाली याचा रकाना येथे पुन्हा उपयोगी पडतो. प्राचीन डीएनएच्या कामात बहुधा सुमारे १२ लाख ४० हजार ठरावीक जागा वाचण्याचा प्रयत्न करतात. त्यांपैकी काही दहा हजार जागा मिळाल्या तरी दोन समूहांची तुलना करता येते, पण त्या व्यक्तीला अमुक आजार होता किंवा तिचे डोळे अमुक रंगाचे होते असे म्हणण्यासाठी ती विशिष्ट जागा पुरेशा वेळा वाचली गेलेली असावी लागते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन स्थळी घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या बालकांविषयी उद्या अशी एखादी बातमी आली, तर डोळ्यांच्या रंगाआधी हा आकडा विचारावा.

शेवटी एक उदाहरण आजच्या काळातले. २०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवले की कोविडमध्ये गंभीर आजाराचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे ५० हजार अक्षरांचा भाग निअँडरथलांकडून आलेला आहे आणि तो दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांत, तर युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत किमान एका प्रतीत आढळतो. आपल्याकडे त्याची बातमी ‘निम्म्या भारतीयांना धोका’ अशा सुरात पोहोचली. वयाचा परिणाम या भागाच्या परिणामापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि दुसऱ्याच वर्षी त्याच दोघांनी बाराव्या गुणसूत्रावरील असा निअँडरथल भाग दाखवला जो उलट संरक्षण देतो. त्याची बातमी मात्र फारशी कोणी छापली नाही. पण हे आकडे वाचताना मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांच्या मुळाशी असलेली नमुन्यांची यादी. दक्षिण आशियाचा हा आकडा ज्या सार्वजनिक सामग्रीवरून काढला गेला तिच्यात पाच गट आहेत: लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, अमेरिकेतील ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधील तेलुगू आणि ब्रिटनमधीलच श्रीलंकन तमिळ. सगळे मिळून पाचशेच्या आसपास लोक. मराठी भाषकांचा गट त्यात नाही, आणि गटागटांत या भागाचे प्रमाण सारखे नाही. बांगलादेशात ते ६३ टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे एखाद्या तक्त्यात ‘दक्षिण आशिया’ असे लिहिलेले दिसले की त्या शब्दाखाली नेमके कोणते गाव आणि कोणती माणसे आहेत हे पूरक माहितीत शोधावे, आणि सापडलेली नावे छापील प्रतीच्या समासात, त्या आकड्याच्या शेजारी लिहून ठेवावीत.